जोसाया गप्प राहिला

इस्पितळ केलेल्या शाळेच्या त्या दालनात अठ्ठावीस खाटा होत्या, सत्तावीस जखमी फ्रेंच सैनिक, एकोणीस कुबड्या आणि एक फळा. फळ्यावरची बेरीज अजून कुणी पुसली नव्हती. एवढ्या माणसांचं सगळं करायला क्वेकर पंथाचे तिघे इंग्रज होते. बंदूक धरायची नाही, सलाम ठोकायचा नाही, खोटं बोलायचं नाही, या बोलीवरच ते युद्धात आले होते. जोसाया त्यांच्यातला एक.

"काय पाद्रीबुवा," सात नंबरच्या खाटेवरून आनसेल्म म्हणाला, "काल मी संडासाकडे कुबडीशिवाय गेलो, ते पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"मग विसर. उद्या गिरोद डॉक्टर तुला विचारेल. चालतो म्हणालास की मला वर्दूंच्या आघाडीवर धाडतील. माझे दोन भाऊ तिथेच गेले. आईला आता मी एकटाच उरलोय."

"मला खोटं बोलता येत नाही, आनसेल्म."

"बोलू नकोस ना बाबा! नुसता गप्प बस. रविवारी त्या गोठ्यात तासभर गप्पच बसता की तुम्ही."

जोसायाला ते पटलं. त्याच्या पंथाची प्रार्थनाच मौनाची; मौनात खोटं कुठून येणार?

दुसऱ्या दिवशी गिरोदने आनसेल्मला चालायला लावलं. तो लंगडला, विव्हळला, खाटेची कड धरून खाली बसला.

"नाटकी लेकाचा," गिरोद म्हणाला आणि जोसायाकडे वळला. सैनिकांना विचारायचं नाही, क्वेकरांना विचारायचं, हे इथले डॉक्टर एव्हाना शिकले होते. "हा कुबडीशिवाय चालतो?"

जोसाया गप्प राहिला.

"नाही म्हण. आत्ता घरी पाठवतो त्याला."

जोसायाचे ओठ हलले नाहीत.

"चालत नसता, तर 'नाही' म्हणायला तुला एवढा वेळ लागला नसता." गिरोदने आघाडीवर धाडायच्या कागदावर सही केली. "फार उपयोगी लोक आहात बुवा तुम्ही."

आनसेल्म उठला. कुबडी तिथेच टाकून सरळ दारापर्यंत चालत गेला.

"तोंड उघडलं असतंस," तो वळून म्हणाला, "तर निदान तुला शिवी तरी घालता आली असती."

नवव्या दिवशी त्याला स्ट्रेचरवरून परत आणलं. दुपारी तो मेला. पेटी करणाऱ्या सुताराने टेप जोसायाच्या हातात दिली.

"तूच घे माप. तुझा आकडा खोटा नसतो."

टाचेपासून डोक्यापर्यंत एक मीटर एकाहत्तर सेंटिमीटर.