प्रवासाचा रकाना

शाळा सुटून छत्तीस वर्षं झाली, वर्गातली एकेचाळीस डोकी एकेचाळीस दिशांना पांगली, पण मॉनिटरच्या तावडीतून एकही सुटलं नव्हतं. तेव्हा ती बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. आता त्रेपन्नाव्या वर्षी ती दर वर्षी सगळ्यांकडून खबर मागवायची आणि एकत्र करून सगळ्यांना धाडायची. तीन रकाने ठरलेले होते: घर, काम, प्रवास. प्रत्येकात चार ओळी. त्याहून जास्त लिहिलं की ती सरळ कात्री लावायची. एका दंतवैद्याने चौदा ओळींत केलेलं नातवाचं कौतुक तिने 'नातू झाला' एवढ्यावर आणून ठेवलं, तेव्हा तो वर्षभर तिच्याशी बोलला नाही. पुढच्या वर्षी मात्र त्याच्याकडून मुकाट्याने चारच ओळी आल्या.

रकाना रिकामा ठेवायचीही सोय नव्हती. रिकामा दिसला की तिचा फोन गेलाच म्हणून समजा. "काहीच नाही म्हणजे काय? माणूस जिवंत आहेस ना? मग काहीतरी झालंच असेल." ती स्वतः मात्र वर्षानुवर्षं एकच मजकूर छापायची. घर: ठीक. काम: ठीक. प्रवास: नाही.

त्या 'नाही'ला कारणं होती. आधी सासूबाईंचं दुखणं, मग मुलीचं शिक्षण, आणि कायमचं कारण म्हणजे नवरा. तो घड्याळं दुरुस्त करायचा, स्वभावाने देवमाणूस, पण त्याला गाडी लागायची. साधी बस वळणावर आली तरी चेहरा पांढराफटक. त्याच्याबरोबर कुठे जायचं तर पायी जावं लागलं असतं. मॉनिटर मग इस्पितळातल्या एक्स-रे विभागात अठ्ठावीस वर्षं लोकांना सांगत राहिली, "श्वास घ्या, धरून ठेवा, आता सोडा." अलीकडे तिला वाटायला लागलं होतं की आपल्याला धरून ठेवायला सांगून कोणीतरी खोलीबाहेर निघून गेलंय.

शाळेत तिच्या बाकावर बसायची ती सुतळी. अंगाने बारीक म्हणून सुतळी, आणि पायाला भिंगरी. प्रदर्शनांत दालनं उभी करून देणाऱ्या कंपनीत तिची नोकरी. आज या देशात, तर पुढच्या महिन्यात तिसऱ्याच. तिचा प्रवासाचा रकाना सगळा वर्ग आधी वाचायचा. मॉनिटर तो दोनदा वाचायची आणि दोन्ही वेळा तिला हेवा वाटायचा. दोघींची गावं बसने दोन तासांच्या अंतरावर होती, पण भेट ठरवली की सुतळी नेमकी बाहेरगावी असायची. सहा वर्षांत दोघींची तोंडभेट नव्हती.

गेल्या वर्षी, रकाना दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर, मॉनिटरने फोन उचलला होता. "मला घेऊन चल कुठेतरी. मरण्याआधी एकदा." सुतळी म्हणाली, "चल." तेव्हापासून दर रविवारी फोनवर बेत शिजत होता. मोठं तळं, त्यात बेटं, बेटांवरून फिरणारी बोट. सुतळीला वेळापत्रकं तोंडपाठ. "बोटीत डावीकडे बस, डोळ्यांवर ऊन येत नाही," असं सांगायची. मॉनिटरने अठरा दिवसांची रजा मंजूर करून घेतली, आयुष्यात पहिल्यांदा चाकांची बॅग आणली आणि ती घरात या खोलीतून त्या खोलीत ओढून पाहिली. नवरा कौतुकाने बघत होता.

आणि निघायला दहा दिवस उरले असताना सुतळीचा निरोप आला. 'मला काम निघालंय. या वेळी तू एकटीच जा. सगळं लिहून पाठवते.'

मॉनिटरच्या अंगाचा तिळपापड झाला. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही. दोन दिवस ती घरात आणि इस्पितळात नुसती येरझारा घालत होती. एका म्हातारबाबांच्या उजव्या गुडघ्याऐवजी डाव्याचा फोटो काढला आणि त्यांनाच रागावली. एकटीने जायची हिंमत तिच्यात नव्हती, आणि हे सुतळीला पक्कं ठाऊक होतं. राग त्याचाच होता.

तिसऱ्या दिवशी त्याच सुतळीची वार्षिक खबर आली, अगदी वेळेवर. जेवणाच्या सुट्टीत मॉनिटरने ती दात-ओठ खात वाचायला घेतली. प्रवासात लिहिलं होतं: 'बोटीत शेजारचे आजोबा माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले, आणि उतरताना हिरवी छत्री विसरून गेले.'

हिरवी छत्री. ही छत्री तिने कुठेतरी पाहिली होती.

विभागाच्या अडगळीच्या खोलीत एक्स-रेची मोठी खाकी पाकिटं पडून होती. आता सगळं संगणकावर आल्यामुळे ती कोणाला नको होती. मॉनिटरने त्यांत वर्गाच्या खबरी वर्षवार भरून ठेवल्या होत्या. नवा फोटो आला की डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, जुना आहे का? नुसत्या नव्यावरून काही कळत नाही. जुना शेजारी ठेवला की काय सरकलंय ते दिसतं. तिने फोटो बघायची जुनी दिव्याची पेटी लावली आणि तिच्यावर सुतळीची दहा वर्षं ओळीने मांडली.

आठ वर्षांपूर्वी डोंगरातल्या गाडीत एक आजी सुतळीच्या खांद्यावर झोपली होती आणि हिरवी छत्री विसरली होती. गेल्या वर्षीची मांजरवेडी घरमालकीण नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या गावात राहत होती. हरवलेली बॅग दोनदा हरवली होती, दोन्ही वेळा एकाच लाल पट्ट्यासकट. शेवटची सहा वर्षं म्हणजे जुन्या कपड्यांची गोधडी होती. आणि त्या सहाही वर्षांत 'घर'च्या रकान्यात एकच ओळ होती: 'आम्ही दोघं मजेत.'

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मॉनिटर बसमध्ये बसली. दोन तास तिने मनात भांडण पाठ केलं.

दार सुतळीने उघडलं. खांद्यावर टॉवेल, हात कोपरापर्यंत ओले, केस स्वतःच कापल्यासारखे. मॉनिटरचं पाठ केलेलं भांडण जिथल्या तिथे राहिलं. सुतळीच्या मागे बाहेरच्याच खोलीत पलंग होता, लोखंडी कठड्याचा, आणि त्यावर उशांना टेकून तिचा नवरा बसला होता. हा माणूस पुलांची मोजमापं घेत हिंडायचा. लग्नात त्याने सुतळीला उचलून दोन मजले चढवले होते. आता त्याचा उजवा हात मांडीवर कोणीतरी ठेवून दिल्यासारखा पडला होता.

"चला," तो मॉनिटरकडे बघून म्हणाला, आणि हसला.

"आत ये," सुतळी कमरेतून वाकून त्याला उशांवर वर सरकवत म्हणाली. "सहा वर्षं झाली. मेंदूत गाठ अडकली रक्ताची. तेवढा एकच शब्द उरलाय त्याच्याकडे. तहान लागली तरी चला, नको असलं तरी चला."

"नोकरी?"

"सोडली. तेव्हाच."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुला? आपण एका बाकावर बसायचो गं!" मॉनिटरचा आवाज चढला. "सहा वर्षं मला थापा मारल्यास! मी मूर्खासारखी दोन-दोनदा वाचायचे!"

"मग काय करू?" सुतळीचाही चढला. "पहिल्या वर्षी मी रकाना रिकामा ठेवला होता. आठवतंय? तीन फोन केलेस तू. 'सुतळीचा प्रवास नाही असं कसं चालेल, सगळे वाट बघतात.' तो तेव्हा इस्पितळात होता. मी बाहेरच्या बाकावर बसून तुला डोंगरातली जुनीच गाडी पुन्हा लिहून पाठवली. तुझं तोंड बंद करायला. पुढच्या वर्षी मात्र.मला ते लिहावंसं वाटलं. वर्षातला तेवढा एक दिवस बरा जायचा."

मॉनिटर खुर्चीत बसली. तिला ते तिन्ही फोन लख्ख आठवत होते, आपण किती हसत होतो तेही. मान वर करायची तिला लाज वाटली.

टेबलावर बोटींचं वेळापत्रक होतं. पेन्सिलीने खुणा केलेल्या, समासात बारीक अक्षरात 'मॉनिटरला इथे उतरव, पायऱ्या कमी आहेत', 'गुडघे'. पानांच्या कडा हाताळून मऊ झाल्या होत्या. म्हणजे दर रविवारी ती थाप मारत नव्हती. दर रविवारी ती निघत होती.

"तू जा," मॉनिटर म्हणाली.

"कुठे?"

"तळ्यावर. माझी अठरा दिवसांची रजा मंजूर आहे. मी इथे राहते."

"वेड लागलंय तुला? त्याला उठवायचं, वळवायचं, आधार देऊन चार पावलं चालवायचं, आंघोळ—"

"अठ्ठावीस वर्षं लोकांना वळवतेय मी. तुझ्यापेक्षा बरं वळवते, तू कंबर वाकवतेस, आत्ता दिसलं मला."

"आणि तुझं काय? तुला जायचं होतं ना?"

"होतं," मॉनिटर म्हणाली. "खूप होतं. अजूनही आहे. पण एकटीने नाही जमायचं मला, आणि तुला जमेल. उगाच वाद घालू नकोस, माझं मन बदलेल."

सुतळी मान हलवत राहिली. नाहीच म्हणाली, चार वेळा म्हणाली. पलंगावरून आवाज आला, "चला." त्याने डावा हात उचलून दाराकडे केला होता.

"तो सगळ्यालाच तेच म्हणतो," सुतळी म्हणाली.

"मग कधीतरी त्यांना तेच म्हणायचं असेल की नाही?"

सुतळीने टॉवेल तोंडावर धरला.

आठवड्याने मॉनिटरची चाकांची बॅग खरोखर प्रवासाला गेली, सुतळीच्या हाताने. पहिले दोन दिवस तिचे दिवसाला पाच फोन. गोळी दिली का, कूस बदलली का, सूप गार करून दिलं का. "मी मॉनिटर आहे, विसरलीस का?" म्हणून मॉनिटर फोन आपटायची आणि मग तीच अस्वस्थ होऊन खोलीभर फिरायची. हे सोपं नव्हतं. भावजी हट्टी होते. नको असलेला घास गालात धरून बसायचे. दुपारी खिडकीतून समोरच्या भिंतीखेरीज काही दिसायचं नाही. पाचव्या दिवशी तिला इतकं कोंडल्यासारखं झालं की ती न्हाणीघरात जाऊन पाच मिनिटं उभी राहिली. सुतळीने हे सहा वर्षं केलं होतं, आणि कोणी फोन करून विचारलं तर ते फक्त तळी आणि डोंगर.

नवव्या दिवशी सुतळीचा फोन आलाच नाही. मॉनिटर दिवसभर फोनकडे बघत राहिली. संध्याकाळी तिच्या ध्यानात आलं की सुतळी विसरली असेल. घर विसरली असेल, घटकाभर. त्या वेळी तिला जबरदस्त हेवा वाटला, आणि बरंही वाटलं.

त्या वर्षी खबरींचा कागद महिनाभर उशिरा निघाला. सुतळीने आपला मजकूर बदलून पाठवला होता. घर: 'नवरा सहा वर्षं अंथरुणावर आहे. सांगायचं राहून गेलं.' काम: 'तेच.' प्रवास: 'बोटीत बसले. खांद्यावर कोणी झोपलं नाही, छत्री कोणी विसरलं नाही. मी पाणी बघत होते. यापूर्वीचे सहा प्रवास कृपया खोडून टाकावेत.'

मॉनिटरने काहीच खोडलं नाही. शेवटी तिची स्वतःची पाळी आली. घर: ठीक. काम: ठीक. प्रवासापुढचा 'नाही' वर्षानुवर्षांच्या सवयीने आपसूकच टाइप झाला होता. तो तिने पुसला आणि लिहिलं:

'पलंग ते खिडकी. अकरा पावलं जायला, अकरा यायला. अठरा दिवस, रोज दोनदा. सोबत सुतळीचे यजमान. निघताना दर वेळी ते म्हणायचे, चला.'