नाकाचा रंग

मोठ्या पिंजऱ्यात एकोणीस पिल्ले, तीन पिवळे नर, तीन हिरव्या माद्या आणि एक म्हातारा हिरवा नर. टेबलावरच्या छोट्या पिंजऱ्यात सकाळीच परत आलेली एक जोडी. एकूण अठ्ठावीस बजी पोपट. भाचीने पेन्सिलीच्या टोकाने हवेत टिंबे देत पुन्हा मोजले, तेव्हाही अठ्ठावीसच भरले.

"जोडी लिहू नकोस," मामी दारातून म्हणाली. "जोडी असती तर परत आली असती का?"

छोट्या पिंजऱ्याला बेकरीवाल्याची चिठ्ठी अडकवलेली होती. दोन्ही पक्षी दिवसभर भांडतात, एकाचा पाय सुजला आहे, एवढेच तिच्यात होते. बेकरीवाल्याने पिंजरा ठेवला आणि मामाच्या नजरेला नजर न देता तो निघून गेला. मामाला पिंजऱ्यापेक्षा तेच जास्त लागले होते. तो घड्याळे दुरुस्त करायचा आणि पुढच्या दुकानात घड्याळे, मागच्या खोलीत पक्षी, असा त्याचा चाळीस वर्षांचा संसार होता. घड्याळजींकडची जोडी म्हटली की घेणारा पुन्हा वळून बघत नसे.

"ही चौथी," मामी म्हणाली. "आता पुरे झालं. नर-मादी कळेनाशी झाली तर सरळ खोली बंद करा. उद्या लोक घड्याळं दाखवायलाही यायचे नाहीत."

मामाने डोळ्याला भिंग लावले, हातात जाड रबरी मोजे चढवले आणि सुजल्या पायाचा पक्षी अलगद बाहेर काढला.

"हा नर आहे. नाक बघ. निळं आहे."

बजीच्या चोचीच्या मुळाशी, नाकपुड्यांभोवती, एक मऊ मांसल पट्टी असते. घरात तिला सगळे नुसते नाक म्हणत. नराचे नाक लहानपणी गुलाबी-जांभळट असते आणि मोठेपणी निळे होते. मादीचे फिकट असते, नाकपुड्यांभोवती पांढरी वर्तुळे असतात, आणि पुढे ते तपकिरी होत जाते. भाची गेल्याच महिन्यात प्राणिशास्त्राची पदवी घेऊन पंधरा दिवसांसाठी मामाकडे आली होती. तिने वाकून पाहिले. दोन्ही नाकपुड्यांभोवती पांढरी वर्तुळे होती, सुईने आखल्यासारखी.

"मामा, ही मादी आहे."

"बाईसाहेब, तुमच्या जन्माआधीपासून मी हेच करतोय."

तिने वाद घातला नाही. मोठ्या पिंजऱ्यात हात घालून तिने एक पिवळा नर धरला आणि मामाच्या भिंगासमोर आणला. पक्ष्याचे लाल डोळे दिव्यात चमकले.

"आणि ह्याचं नाक?"

"निळंच. नर आहे ना तो."

भाचीने मुठीतल्या पक्ष्याकडे पुन्हा पाहिले. लाल डोळ्यांच्या पिवळ्या नराचे नाक जन्मभर निळे होत नाही. हे ती परीक्षेत लिहून आली होती. आणि आत्ता तिच्या मुठीतले नाक शाळेच्या खोडरबरासारखे गुलाबी होते.

"मामी, तुझा दोऱ्यांचा डबा दे ना. पटकन!"

डब्यातली सहा रिळे तिने टेबलावर मांडली. "मामा, सारख्या रंगाची एकत्र ठेव."

मामाने काळी दोन बाजूला केली, पिवळी दोन बाजूला केली आणि उरलेली दोन शेजारी-शेजारी ठेवली. एक फिकट निळे होते, दुसरे जांभळट गुलाबी.

मामी हसली आणि मध्येच थांबली. "अहो, हा तुमच्या शर्टाचा दोरा आणि हा पडद्याचा."

"दोन्ही निळेच तर आहेत."

मामाने भिंग काढले आणि ते स्वच्छ असूनही तो फडक्याने पुसत राहिला.

"म्हणजे मला रंग दिसत नाहीत?"

"दिसतात. फक्त हे दोन वेगळे दिसत नाहीत. जन्मापासून असणार."

"बत्तीस वर्षं," मामी म्हणाली. "मी गुलाबी घालून समोर उभी राहायचे आणि हे म्हणायचे, निळा छान दिसतो तुला. मला वाटायचं, ह्यांचं लक्षच नसतं माझ्याकडे."

"लक्ष होतं," मामा भिंग पुसत म्हणाला.

भाचीचा विचार मात्र पुढे गेला होता. रंग दिसत नव्हता, तर चाळीस वर्षे नर आणि मादी सांगत कोण होते? तिने फळीवरची जाड वही ओढली. कोणती जोडी, पायातल्या कड्यांचे क्रमांक कोणते, कोणाला दिली, परत आली की नाही, सगळे मामाच्या बारीक अक्षरात होते. ती उभ्याउभ्याच पाने उलटत मोजत गेली. दोनशे अकरा जोड्या, परत एकही नाही. मग, गेल्या सात महिन्यांत, नऊ जोड्या. परत चार.

"दोनशे अकरा वेळा नुसतं नशीब पाठीशी राहत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज वर चढला होता. "सात महिन्यांपूर्वी काय झालं?"

"काय होणार? काही नाही."

"काही नाही कसं?" मामी म्हणाली. "साखर निघाली ना ह्यांना. डॉक्टर म्हणाले, जखमा होऊ देऊ नका, भरून यायच्या नाहीत. ह्यांची बोटं तर चावून चावून चाळण झालेली. म्हणून मी हे मोजे..."

ती बोलता बोलता थांबली. तिघांनीही मामाच्या हातांकडे पाहिले.

"काढ," भाची म्हणाली. "मामा, मोजे काढ!"

मामाने उजवा मोजा काढला. तर्जनीच्या टोकावर बारीक, पांढरट, अर्ध्या चंद्रासारखे वण होते, एकावर एक. त्याने बोट छोट्या पिंजऱ्याच्या गजांतून आत घातले. सुजल्या पायाच्या पक्ष्याने मान पुढे काढली, बोट पकडले आणि सोडलेच नाही.

"मादी," मामा म्हणाला. त्याचे डोळे खिडकीकडे होते. म्हणून झाल्यावर तो स्वतःच दचकला.

"कशावरून?"

"धरून ठेवते ना ती. नर टोचतो आणि सोडतो."

"अरे, मग हे कधी सांगितलं का नाहीस?"

"मला तरी कुठे माहीत होतं?" मामा म्हणाला. "मी तर नाकाकडे बघत होतो."

भाचीने टाळी वाजवली आणि सगळा मोठा पिंजरा फडफडून उठला.

पण एका पक्ष्यावरून काही सिद्ध होत नाही, हे तिला कळत होते. मोजून बघायला हवे होते, आणि उत्तर आधीपासून पक्के माहीत असलेले पक्षी हवे होते. ते समोरच होते. एकोणीसच्या एकोणीस पिल्ले पिवळ्या बापांची आणि हिरव्या आयांची होती.

"अशा घरात पिवळी पिल्लं सगळ्या मुली असतात आणि हिरवी सगळे मुलगे," तिने समजावले. "पिवळेपण बाप मुलीला उघड देतो आणि मुलाला झाकून. त्यामुळे नाकाकडे बघायचीसुद्धा गरज नाही. चुकायला जागाच नाही."

"मुली बापावर," मामा म्हणाला. "एवढंच ना? त्याला पदवी कशाला लागते?"

तिने कड्यांचे क्रमांक वाचत यादी केली. नऊ पिवळी: मादी. दहा हिरवी: नर. यादीची घडी घालून तिने ती खिशात ठेवली. मामा म्हणाला, त्याचे डोळे बांधा, म्हणजे रंगाचा प्रश्नच नको. आणि मग, मामीने काही अट घालायच्या आत, त्यानेच घातली.

"एकोणीसच्या एकोणीस. एक जरी चुकलं तर खोली बंद, आजपासून. चार घरांत माझ्यामुळे पाखरांनी एकमेकांचे पाय फोडले. पाचवं घर नको."

"माझी पण एक अट आहे," मामी औषधाची बाटली आणि कापूस घेऊन बसली. "प्रत्येक चाव्यानंतर बोट माझ्याकडे."

डोळ्यांवर रुमाल बांधला गेला. भाची एकेक पिल्लू हातात घेई, मामाच्या बोटापुढे धरी आणि एक शब्दही न बोलता कागदावर खूण करी.

"नर. अगदी भित्रा आहे." "नर." "मादी. सोड गं बाई, सोड!" "मादी. ही कोणाचं ऐकणारी नव्हे." "हिचं सासर कठीण जाणार," मामी कापूस दाबत म्हणाली. "हिचं नाही, सासरच्यांचं," मामा म्हणाला.

सहा झाले, सहाही बरोबर. दहा. बारा. मामीने आता मोठ्याने मोजायला सुरुवात केली होती आणि बाटलीचे झाकण लावायचे ती विसरली होती. सोळा. भाचीने सतरा क्रमांकाची कडी असलेले पिल्लू उचलले. हिरवे.

"मादी," मामा म्हणाला.

तिची पेन्सिल थांबली. चेहऱ्यावरचे मामीला कळू नये म्हणून ती पिंजऱ्याकडे वळली. अठरावे बरोबर आले. एकोणिसावेही. मग, काही न सांगता, विसावे म्हणून तिने तेच हिरवे पिल्लू पुन्हा त्याच्या बोटापुढे धरले.

"मादी. पण हिला मघाशी धरलं होतं ना आपण?"

तिने यादीची घडी उलगडली.

"अठरा," ती म्हणाली. "मामा, नुसत्या अंदाजाने अठरा किंवा जास्त यायची शक्यता सव्वीस हजारांत एक आहे. सव्वीस हजारांत एक!"

"अठरा!" मामी उभीच राहिली. "अहो, ऐकलंत का?"

मामाने रुमाल सोडला. बोट तोंडाशी नेले, मग मामीकडे बघून खाली घेतले. "मी एकोणीस म्हणालो होतो."

"म्हणालात तर म्हणालात. शब्द म्हणजे काय दगडावरची रेघ आहे?"

"दिवसातून एकदाच चुकणारं घड्याळ कोणी मनगटावर बांधत नाही," तो म्हणाला आणि पेचकस घेऊन पहिल्या घरट्याच्या खोक्यापाशी गेला. स्क्रू गंजला होता. तो नेटाने फिरवू लागला.

मामी भाचीकडे वळली.

"काय गं, ह्या सगळ्या माद्या खोके लावायच्या आधी कुठे होत्या?"

"इथेच. वहीत तसंच लिहिलंय, सगळे एकत्र."

"आणि तो म्हातारा हिरवा?"

"तोही."

"मग ह्या एकीचा बाप तोच असला तर? तुझा नियम बापाला विचारून केलाय का?"

भाचीने पुन्हा यादीकडे पाहिले. हिरव्या बापाची मुलगी हिरवी असू शकते. दहा हिरव्या पिल्लांसमोर तिने दहा वेळा 'नर' लिहिले होते आणि एकाचेही नाक पाहिले नव्हते. तिने सतरा क्रमांकाला खिडकीपाशी नेले. नाक फिकट गुलाबी होते. डाव्या नाकपुडीभोवती पांढरे काहीतरी असल्यासारखे वाटत होते, पण तिला ते तिथे हवे होते, त्यामुळे तिने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही.

तिने पिल्लाच्या छातीची तीन पिसे मुळासकट उपटली आणि कागदी पाकिटात घातली. तिच्या वर्गातली एक मुलगी एका प्रयोगशाळेत लागली होती. पिसाच्या मुळातून नर की मादी ते तिथे ठरवत.

"ठीक आहे," मामा स्क्रूवरून नजर न काढता म्हणाला. "माझं बोट चुकलं की तुझा नियम, ते बाहेरचा माणूस सांगू दे. नर निघाला तर पुढच्या रविवारी सगळे पक्षी वाटून टाकायचे."

पाकीट गेले. भाचीने आपले परत जाणे पुढे ढकलले. तिसऱ्या दिवसापर्यंत मामाने तीनही खोके उतरवून, धुऊन, उन्हात उलटे ठेवले होते. चौथ्या दिवशी दाणेवाल्याला त्याने पुढची गोणी आणू नकोस म्हणून सांगितले. मामीने त्याला जिन्यात गाठून आण म्हणून सांगितले. पाचव्या दिवशी शेजारीण रिकामे पिंजरे मागायला आली, तेव्हा मामी म्हणाली, "रिकामे कुठे आहेत?" भाचीने उरलेल्या नऊ हिरव्या पिल्लांची नाके भिंगाखाली पाहिली, प्रत्येकाचे तीन वेळा, तीन वेगवेगळ्या दिवशी, आणि मगच त्यांच्यापुढे पुन्हा 'नर' लिहिले. सतराव्यापुढची जागा तिने कोरी ठेवली. फोन वाजला की मामी आधी धावे.

"आला का?" भाची विचारी.

"नाही गं. दूधवाला आहे."

नवव्या दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी अहवाल फोनवर आला. मामा दुकानात एका मनगटी घड्याळाची मागची झाकणी उघडून बसला होता. त्याने चिमटा खाली ठेवला, पण मान वर केली नाही. मामी ओल्या हातांनीच आली आणि उंबरठ्यावर थांबली.

"वाच," मामा म्हणाला. "पहिल्यापासून वाच."

भाचीने वाचले.

"नमुना, छातीची पिसं, तीन. नमुन्याची प्रत, पुरेशी. चाचणी, दोन वेळा. दोन्ही निकाल सारखे. कडी क्रमांक सतरा, मादी."