माझी कुरकुर थांबली तेव्हा

हवामान कार्यालयाच्या गच्चीवर पाच वस्तू होत्या. पाण्याची टाकी, पाऊस मोजायचे भांडे, तापमापक ठेवलेली पांढरी जाळीदार पेटी, वीज जमिनीत उतरवणारी तांब्याची पट्टी आणि मधोमध दहा मीटर उंचीचा लोखंडी खांब. खांबाच्या टोकाला तीन वाट्या होत्या. त्या तीन वाट्या म्हणजे मी.

मित्रांनो, मी एक जुना वातमापक आहे. वारा किती वेगाने वाहतो ते मी मोजतो. वाटीची पोकळ बाजू वारा पकडते, फुगीर बाजूवरून तो घसरून जातो, म्हणून मी गोल फिरतो. माझ्या दांड्याखालून एक तार निघते, ती खालच्या खोलीतल्या तबकडीपर्यंत जाते. मी जेवढा जोरात फिरेन तेवढा तिथला काटा पुढे सरकतो.

मला एका कारखान्यातल्या बाईंनी जोडले. त्यांनी चिमट्याने माझ्या दांड्याभोवती एकेक छर्रा, म्हणजे बारीक पोलादी गोळी, बसवला, पातळ तेलाचा एकच थेंब सोडला आणि हलकी फुंकर मारली. मी फिरू लागलो. "जा आता, पोटापाण्याला लाग," त्या म्हणाल्या. मग मला वाऱ्याच्या बोगद्यात ठेवले. बोगदा म्हणजे एका टोकाला भलामोठा पंखा असलेली लांब नळी. पंख्याने ताशी साठ किलोमीटरचा वारा सोडला, मी साठ दाखवले. झाले, मी नोकरीला लागलो.

पुढची कित्येक वर्षे माझा शब्द प्रमाण होता. कोळी माझा आकडा विचारून होड्या सोडत. बंदरातल्या क्रेन तर माझ्यावरच चालत. क्रेनवर बसवलेले माझे भाऊबंद कधीच मोडून पडले होते आणि नवे कोणी आणले नव्हते. तेव्हा पद्धत अशी पडली, की क्रेनवाल्याने आमच्या कार्यालयात फोन करायचा आणि आकडा साठच्या वर गेला की काम थांबवून खाली उतरायचे. अंदाजावर क्रेन थांबत नसे, आकड्यावर थांबत असे.

दरवर्षी मला खाली उतरवून पुसत आणि तेलाचा एक थेंब देत. मग खांबाच्या शिडीच्या पायऱ्या गंजल्या आणि वर चढायला कोणी धजेना. माझे छर्रे कोरडे पडले. मी कुरकुरू लागलो. माझ्याकडे सांगायला दुसरी भाषा नव्हती.

साहेबांची खोली नेमकी माझ्याखाली होती. एकदा ते वैतागून गच्चीवर आले.

"अहो, दिवसभर काय रडतंय हे? फोनवरच्या माणसाला वाटतं, आम्ही पाळणाघर चालवतो!"

"गाडीत चाकाचं ग्रीस आहे साहेब. लावू?" ड्रायव्हर म्हणाला.

"लावा. दोन बोटं जास्तच लावा."

ड्रायव्हर जीव मुठीत धरून वर चढला आणि त्याने माझ्या छर्‍यांत जाड, काळे ग्रीस ठासून भरले. "आता याच्या बापालासुद्धा आवाज काढता यायचा नाही!"

खरेच, मी गप्प झालो. "शहाणं झालं कार्टं," साहेब म्हणाले. इतकी वर्षे अचूक मोजल्याबद्दल मिळाली नाही एवढी शाबासकी मला गप्प बसल्याबद्दल मिळाली.

तबकडीसमोर बसणारी अधिकारी त्या आठवड्यात रजेवर होती. तिचा धाकटा भाऊ बंदरात क्रेन चालवायचा. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही तिला ताईच म्हणेन. चांगला सहा फुटी गडी, पण ताई त्याला टिल्लू म्हणायची. माझ्या उंचीवरून त्याची पिवळी क्रेन स्पष्ट दिसे.

रजेवरून परतली त्याच दिवशी सकाळी ताईने विभागाचा अंदाज लिहिला: दुपारनंतर सर्वत्र विजांसह वादळी पाऊस, वाऱ्याचे झोत ताशी नव्वद किलोमीटरपर्यंत. दुपारी पश्चिमेला ढग ऐरणीसारखे पसरले. त्यांच्या पोटातून गार हवा जमिनीवर आपटली आणि चहूकडे फुटली. पारा झपाझप उतरला आणि माझ्यातले ग्रीस मेणासारखे घट्ट झाले. वारा मला थोबाडीत मारत होता, आणि मी जत्रा संपल्यावर थांबत आलेल्या आकाशपाळण्यासारखा रेंगाळत फिरत होतो.

फोन वाजला. ताईने स्पीकर लावला. खोलीतले बोलणे खिडकीतून वर येत होते.

"ताई, आकडा बोल."

"एकेचाळीस. पण टिल्लू, ढग वाईट आहेत. उतर ना."

"एकेचाळीसला उतरलो तर मुकादम मला बांगड्या आणून देईल. मालाच्या दोन पेट्या राहिल्यात, टाकतो आणि येतो."

ताईने फोन ठेवला, पण तिची नजर काट्यावरून हटेना. खिडकीची काच थडथडत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा थडथडत होती. झोताचा वारा असा धक्के देत येतो, तेव्हा काटाही थरथरायला हवा. काटा मात्र शांत होता.

"साहेब, हा काटा झोपलाय."

"काटा आहे तो. तुझ्या मनाप्रमाणे नाचेल का? बस खाली. आणि गच्चीवर जाऊ नकोस, विजा पडतायत."

तिने कपाटातला हातात धरायचा छोटा मापक उचलला आणि ती जिन्याकडे धावली.

तिने कडी काढताच गच्चीचे दार बिजागऱ्यांसकट उखडले आणि कठड्यावरून खाली गेले. टाकीचे झाकण उडाले. पांढरी पेटी जाळीसकट फुटली, तिची एक फळी ताईच्या कपाळावर बसली. ती रांगत माझ्या खांबापर्यंत आली, एक हात खांबाला घातला आणि दुसऱ्याने मापक वर धरला. त्याच्यावर एकोणसत्तर होते. मग चौऱ्याहत्तर. तिने मापक कमरेला खोचला, दातांनी तोंडावरची ओढणी बाजूला केली आणि मोकळ्या हाताने फोन लावला.

"उतर! टिल्लू, उतर!"

"काय? ऐकू येत नाहीये!"

"उतर गाढवा! आकडा खोटा आहे! उतर!"

समोरच्या ढगातून वीज थेट पाण्यात शिरली. त्या उजेडात मला तो केबिनबाहेर येताना दिसला. क्रेनच्या दोरखंडाला टांगलेली लोखंडी पेटी लंबकासारखी झुलत क्रेनच्याच पायांवर आदळत होती. तो शिडीच्या मध्यावर असताना वाऱ्याने अख्खी क्रेन रुळांवर ढकलली. ब्रेक किंचाळले, चाकांतून ठिणग्या उडाल्या. ती रुळांच्या टोकाला धडकली, कमरेत वाकली आणि कोसळू लागली. टिल्लूने उडी मारली. त्याच्यावर लोखंड पडले ते मी पाहिले. पुढचे पाहायला मी वर नव्हतो. माझा खांब बुडातून मोडला आणि मी ताईच्या शेजारी फरशीवर आपटलो. तिन्ही वाट्या चेपल्या.

टिल्लू वाचला. पावसाळा सरल्यावर तो कुबड्या घेऊन कार्यालयात आला. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. मी ताईच्या टेबलावर पडलो होतो.

"हाच का तो दिवटा?" त्याने मला कुबडीने ढोसले. मग त्याचे हसू मावळले. "ताई, तू मला एकेचाळीस म्हणालीस."

"काट्यावर तेवढंच होतं रे."

"मग खरा किती होता?"

ताईने कपाळावरच्या व्रणाला हात लावला. साहेबांनी समोरची फाईल उघडली.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण मोजता येईल."

मी पडलो तेव्हाच तिला माझ्यातले काळे ग्रीस दिसले होते, आणि तिने त्याला कोणाला हात लावू दिला नव्हता. दांडा कापडात गुंडाळला आणि मला स्वतः बोगद्याकडे घेऊन निघाली.

मित्रांनो, वाटेत मी तुमच्याकडे एकच मागणे मागतो. घरातला पंखा, विहिरीचा रहाट, शाळेचे फाटक, जे कोणी कुरकुरत असेल त्याचे तोंड बंद करण्याआधी ते का कुरकुरते आहे ते वर चढून पाहा. आणि शिडी गंजली असेल तर आधी शिडी दुरुस्त करा.

बोगद्यात मला त्याच मापाच्या नव्या वाट्या बसवल्या. ग्रीस तसेच ठेवले. हवा त्या दुपारइतकी गार केली. पंखा हळूहळू वाढवत नेला. माझा काटा एकेचाळीसवर आला, तेव्हा बोगद्यातला वारा साठ ओलांडून ताशी त्रेसष्ट किलोमीटर झाला होता.