उत्तरेला गेलेला वर्ग

वर्लीन टब्स माझ्या शेजारच्या लेथवर लोखंड कातायला शिकत होती. वय चोपन्न. इस्पितळाच्या लाँड्रीत तिची एकोणीस वर्षं गेली होती. चादरी धुण्याचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं, तेव्हा ती आणि तिच्यासारख्या तीसेक बाया घरी बसल्या. माझी गोदामातली नोकरी सुटलेली. वर्गात आम्ही बारा जण. अकरा काळे आणि एक मेक्सिकन. चौदा आठवड्यांचा वर्ग सरकारी पैशावर चालायचा. शिकणं फुकट, बसचा पास फुकट, शेवटी हातात दाखला.

शिकवायला अल्वेस्टर प्रुइट मास्तर होते. त्यांनी चाळीस वर्षं ट्रॅक्टरच्या कारखान्यात लेथ चालवली होती. तो कारखाना बंद पडला त्या साली आमच्या नॉर्थ साइडमधल्या, म्हणजे शहराच्या काळ्या वस्तीतल्या, निम्म्या घरांचा पगार थांबला, आणि बऱ्याच घरांत तो पुन्हा सुरू झालाच नाही. मास्तर कमी बोलत. वर्लीनची बोटं कापडाचा पोत ओळखण्यात तयार झालेली. मायक्रोमीटर लावायच्या आधीच ती लोखंडाच्या तुकड्याचं माप सांगायची आणि ते केसाएवढंच चुकायचं. मास्तर तिला म्हणत, "बरोबर आलंय. तरी मोजा. बोटांवर कुणी सही करत नाही."

नवव्या आठवड्यात, मंगळवारी, रोजगार केंद्राच्या प्रमुख एमस बाई वर्गात आल्या. मशीन बंद करायला सांगून त्यांनी कागद वाचला. काउंटीतली, म्हणजे आमच्या जिल्ह्यातली, बेकारी साडेतीन टक्क्यांवर आली होती. राज्याच्या नियमाप्रमाणे इतकी कमी बेकारी असलेल्या काउंटीचा हिस्सा कापून जास्त बेकारीच्या काउंटीला जातो. यंदा तो उत्तरेला गेला होता, जंगलपट्टीत, जिथे कागदाची गिरणी बंद पडली होती. शुक्रवारनंतर वर्ग नाही.

वर्लीननं हात वर केला. "साडेतीन टक्के कुणाची, बाई?"

"अख्ख्या काउंटीची. तळ्याकाठचे बंगले, पश्चिमेकडची उपनगरं, आपण, सगळे धरून."

"आमच्या गल्लीत दर चौथ्या घरात माणूस कामाविना बसलाय."

"मला माहीत आहे. मी त्याच गल्लीच्या पुढच्या चौकात वाढले," एमस बाई म्हणाल्या. "पण त्या फॉर्मवर गल्लीसाठी रकाना नाही."

पुढच्या महिन्यात राजधानीत या नियमावर सुनावणी आहे, कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं, असं त्यांनी जाता जाता सांगितलं. आमच्यातल्या कुणीही मनावर घेतलं नाही. मी तर सोमवारपासून पार्सलची गाडी चालवायला लागलो. वर्लीन मात्र पहाटेच्या बसनं राजधानीला गेली.

तिथे बाकावर तिच्या शेजारी वेन कोस्की नावाचा गोरा माणूस बसला होता. साठीचा, कागदाच्या गिरणीतून काढलेला, तोही पाच तास गाडी चालवून आलेला. आपल्या काउंटीचा वाढवलेला हिस्सा परत कापू नका, हे सांगायला तो आला होता. दोघांना कळलं की आपण एकाच पैशासाठी समोरासमोर उभे आहोत. वर्लीन म्हणते, क्षणभर तिला उठून दुसरीकडे बसावंसं वाटलं. पण जागा नव्हती.

दोघांचीही तीन-तीन मिनिटं झाली. समितीनं आभार मानले. मग दोघं बाहेरच्या पायरीवर सँडविच खात बसले आणि वेननं खरी गोष्ट सांगितली. पैसा आला, शाळेत नव्या लेथ आल्या, सोळा जागा भरल्या, त्यातली एक त्याची. पण शिकवायला माणूस नाही. मशीनवर अजून प्लास्टिक तसंच आहे.

वर्लीननं थोडा विचार केला आणि प्रुइट मास्तरांचा नंबर त्याला लिहून दिला.

मी तिला नंतर विचारलं, असं का केलंस म्हणून. माझ्या बोलण्यात राग होता, कारण आमचा वर्ग पुन्हा सुरू होईल अशी थोडी आशा मला अजून होती. ती म्हणाली, "मास्तर पण घरीच बसले होते की."

मास्तरांनी एकच अट घातली. आपल्या अर्धवट राहिलेल्या वर्गातल्या ज्यांना यायचं असेल, त्यांना उरलेले पाच आठवडे तिथे बसू द्यायचं. तिकडच्या काउंटीनं आधी नाही म्हटलं, परगावच्या माणसांना नियमात जागा नव्हती. मग शिक्षक मिळेना, तेव्हा नियमात जागा सापडली. बारापैकी एकटी वर्लीन गेली. बाकीच्यांना कुणाला पोरं होती, कुणाला म्हातारी आई, मला पार्सलची गाडी.

ती वेनच्या बहिणीकडे वरच्या खोलीत राहिली. गावात काळी माणसं दोनच, ती आणि मास्तर. दुकानात लोक नको तितकं नम्र वागायचे. वेनची बहीण रोज रात्री मासे तळायची आणि बेकारीच्या ऑफिसला शिव्या द्यायची, त्यामुळे त्या दोघींचं जमलं. शेवटच्या परीक्षेत सतरा जणांत वर्लीन पहिली आली. वेन काठावर पास झाला.

दाखले मिळाल्यावर महिनाभरात त्या सोळांपैकी तेरा जण कामाला लागले. वेनला तर दुसऱ्याच आठवड्यात बोलावणं आलं. वर्लीन घरी परतली आणि पश्चिमेकडच्या उपनगरांतल्या मशीन शॉपना अर्ज पाठवायला लागली. तिथल्या फाटकांवर माणसं हवीत म्हणून फलक लागलेले होते. चार ठिकाणी मुलाखत झाली. एकानं वय विचारलं, एकानं राहायला कुठे म्हणून विचारलं आणि नॉर्थ साइडमधल्या रस्त्याचं नाव ऐकून वही मिटली. बाकीच्या दोघांनी कळवतो म्हटलं. वेन दर रविवारी फोन करायचा. पहिले काही रविवार तो तिला धीर देत होता, नंतर नुसतं विचारायचा, आणि एका रविवारी म्हणाला, "माझ्यापेक्षा तुमचं काम चांगलं आहे. हे मी कुणाला सांगू?"

"मला सांगून काय होणार," वर्लीन म्हणाली. "तुमच्या फोरमनला सांगा."

त्यानं सांगितलं की नाही, ठाऊक नाही. पाचव्या महिन्यात तिला काम मिळालं, पंप बनवणाऱ्या एका शॉपमध्ये, दुसऱ्या पाळीत. तिथे बस जात नाही. ती त्याच पाळीतल्या एका बाईच्या गाडीतून जाते आणि पेट्रोलला हातभार लावते.

पहिल्या दिवशी फोरमननं तिचा पहिला तुकडा मोजला, पुन्हा मोजला. दाखल्यावर उत्तरेकडच्या गावाचं नाव वाचून तो खूश झाला.

"तिकडची माणसं मेहनती असतात," तो म्हणाला. "तिकडे अजून नीट शिकवतात."

"शिकवणारे इथले आहेत," वर्लीन म्हणाली. "नॉर्थ साइडचे. प्रुइट त्यांचं नाव."

फोरमननं ते नाव ऐकलेलं नव्हतं. तो पुढच्या मशीनकडे गेला. वर्लीननं दुसरा तुकडा लावला.

मास्तर अजून उत्तरेलाच शिकवतात. आमच्या जुन्या वर्गातल्या लेथ गेल्या उन्हाळ्यात लिलावात निघाल्या.