नाकाची उजवी बाजू

पत्रा फाटला तेव्हा आवाज फारसा झाला नाही. जुनं कापड उसवावं तसं बारीक 'टर्र' झालं आणि फिटरबाईंच्या हातातला लाकडी हातोडा हवेतच थांबला. कडेपासून आत बोटभर भेग गेली होती.

"गेला," त्या म्हणाल्या.

गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला, पंखाच्या सांगाड्याशेजारी स्टूल टाकून विहीणबाई वायरी सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, भेगेकडे पाहिलं आणि मान पुन्हा खाली घातली. पूर्वी त्या चष्मा सावरत धावत आल्या असत्या. "अगंबाई, दाखवा बघू," असं म्हणून निदान दोन प्रश्न तरी विचारले असते.

फिटरबाईंनी तो फाटका पत्रा कोपऱ्यात भिरकावला. तिथे आधीच त्याची भावंडं पडली होती. सगळी उजवीच.

फिटरबाई म्हणजे सरकारी ट्रेनिंग सेंटरमधल्या फिटर वर्गाच्या निवृत्त बाई. स्वतः शिकायला गेल्या तेव्हा सगळ्या वर्गात त्या एकट्या मुलगी होत्या. तेव्हा चिडवायला म्हणून पडलेलं नाव पुढे इतकं रुळलं, की गल्लीतला पोस्टमनही तेच घ्यायचा. त्यांची एकुलती एक मुलगी विहीणबाईंच्या एकुलत्या एका मुलाला दिलेली. विहीणबाई शाळेत गणित शिकवायच्या आणि निवृत्त झाल्यावर लोक गुडघ्यांची औषधं घेतात त्या वयात त्यांनी विमान चालवायचं लायसन्स घेतलं होतं. क्लबचं विमान भाड्याने घेऊन उडवायचा त्यांना कंटाळा आला. तयार विमान परवडणारं नव्हतं. तेव्हा घरी बांधायच्या दोन सीटच्या विमानाचे नकाशे मागवून त्या थेट फिटरबाईंच्या दारात उभ्या राहिल्या होत्या.

"विहीणबाई, मला उडवता येतं, पण ठोकता येत नाही. तुमचं काय?"

"माझं उलटं," फिटरबाई म्हणाल्या. "मला शिडीवर चढलं तरी गरगरतं."

झालं, जोडी जमली. विहीणबाईंच्या घराखालचं गॅरेज रिकामं करून गाडी रस्त्यावर लावली. मुलांच्या संसारापेक्षा आयांचा संसार जोरात चालला, अशी घरात थट्टा व्हायची. पंखाच्या फासळ्या झाल्या, शेपूट झालं, आणि मग आलं नाक.

नाक म्हणजे इंजिनाच्या पुढचं गोलसर झाकण. सपाट पत्र्याचं असं गोल भांड्यासारखं काही करायचं तर वाळूच्या पिशवीवर ठेवून ठोकत ठोकत त्याला पोट आणावं लागतं. कडेला सुरकुत्या पडतात, त्या एकेक जिरवाव्या लागतात. ठोकून ठोकून पत्रा ताठर होतो, मग तो तापवून नरम करायचा. आणि अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन 'आता पुरे' म्हणत नाही. त्यावर साबणाची रेघ ओढायची, रेघ काळी पडली की ज्योत बाजूला. क्षणभर चुकलं की पत्र्याला भोक. नाकाचा लाकडी साचा सुताराकडून अख्खा करून घेतला होता. त्यावर डावा अर्धा आणि उजवा अर्धा वेगवेगळे बसवायचे आणि मधोमध वेल्डिंगने जोडायचे.

डावा अर्धा फिटरबाईंनी एका दमात उतरवला. इतका सुरेख, की विहीणबाई त्यावरून हात फिरवून म्हणाल्या होत्या, "याला गाल म्हणतात, विहीणबाई. आपले काय, पापड." फिटरबाईंनी त्या गालाच्या वळणाचा पुठ्ठ्याचा फर्मा कापून ठेवला. तोच उलटा धरला की उजव्या बाजूचं माप.

आणि त्याच आठवड्यात मुलगी बॅग घेऊन माहेरी आली.

"काय झालं?" या प्रश्नाला तिने एवढंच उत्तर दिलं, "काही झालं नाही आई. तोच तर प्रश्न आहे." मारहाण नाही, व्यसन नाही, दुसरी बाई नाही. भांडायला धरावं असं काहीच हाती लागेना. फिटरबाई आठवडाभर घरातच राहिल्या. मग एका सकाळी हातमोजे घेऊन निघाल्या.

"कुठे चाललीस?" मुलीने विचारलं.

"गॅरेजमध्ये."

"त्या घरात? आई, मी तिथून निघून आलेय!"

"घरात नाही चालले. गॅरेजमध्ये. वर पाऊलसुद्धा टाकणार नाही."

मुलीने दार इतक्या जोरात लावलं, की भिंतीवरचं घड्याळ वाकडं झालं.

गॅरेजच्या दारात विहीणबाई उभ्याच होत्या. डोळे सुजलेले. काही बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात फिटरबाईंनी हात वर केला. "विहीणबाई, आधीच सांगते. मी कामाला आलेय. मला काही सांगू नका, काही विचारू नका."

विहीणबाईंनी तोंड मिटलं. "बरं," म्हणाल्या, आणि वायरींकडे वळल्या.

तेव्हापासून उजवी बाजू काही जमेना. आधी पत्रा छान उतरला. साच्यावर ठेवला तर चपखल बसला. फर्मा उलटा करून लावला तर मधे बोट जाईल एवढी फट! उजवा गाल फुगीर. फिटरबाईंनी फुगवटा मारून काढला, फर्म्याला टेकवला. आता साच्यावर बसेना. पुन्हा फुगवला, साच्यावर बसला, फर्मा लागेना. इकडे आड, तिकडे विहीर. तापव, ठोक, तापव, ठोक, आणि शेवटी कडेला भेग.

दुसऱ्या पत्र्याचं तेच झालं. तिसऱ्याला ज्योतीने भोक पडलं.

साचा बघावा, हे त्यांच्या मनातही आलं नाही. साचा त्यांनीच तपासून घेतला होता. आता तर त्यावर व्हार्निशचा हातही मारलेला होता, चकचकीत. मग चुकत होतं काय? हातच. घरी आल्यावर त्या दिव्याखाली दोन्ही पंजे पसरून बोटं थरथरतात का ते बघत बसायच्या. पेल्यात पाणी काठोकाठ भरून तो उचलून बघायच्या. पाणी सांडत नव्हतं. त्याचा त्यांना अधिकच राग यायचा.

"तू दमतेस," मुलगी एकदा म्हणाली. "सोड ना ते."

"अर्ध्या नाकाने विमान उडत नाही."

"न उडू दे! त्यांचं विमान आहे!"

"ठोकतंय कोण?" फिटरबाई म्हणाल्या, आणि तिच्या ताटात भात वाढला.

तर तो चौथा पत्रा फाटला त्या दिवशी, बऱ्याच वेळाने, विहीणबाईंनी वायरी खाली ठेवल्या आणि घसा साफ केला. "फायबरचं नाक तयार मिळतं म्हणे."

फिटरबाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "मिळतं ना. अख्खं विमानही तयार मिळतं. घ्या विकत."

"मी आपलं सुचवलं."

"नका सुचवू."

त्यांनी नवा पत्रा कापायला घेतला. रॅकवर त्यानंतर एकच उरला होता. दुपारभर ठोकून त्याचा गाल केला, साच्यावर ठेवला. बसला. फर्मा उलटा करून लावला. तीच फट, तिथेच, तेवढीच. फिटरबाईंना वाटलं, डोकं या साच्यावर आपटावं म्हणजे निदान ते तरी मापात येईल.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. जावई खाली आले. मुलगी माहेरी आल्यापासून ते आणि फिटरबाई समोरासमोर आले नव्हते. आता दोघांनाही पळायला जागा नव्हती.

"स्क्रू ड्रायव्हर हवा होता," ते विहीणबाईंना म्हणाले. विहीणबाई ड्रॉवरमध्ये शोधू लागल्या. जावई उभे राहिले. फिटरबाई पाठ करून फर्मा पुन्हा पुन्हा लावत होत्या, काढत होत्या. जावयांनी ते एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं.

"तो फर्मा डावीकडचा आहे ना, आई?" ते म्हणाले, आणि जीभ चावून, "म्हणजे... काकू."

फिटरबाईंनी मान वळवली नाही.

"तो उजवीकडे लागणार नाही. उजवीकडे ती पट्टी वाढवलीय ना साच्याला. एक्झॉस्टचा पाईप आतून घासला असता म्हणून. सुताराने चिकटवली तेव्हा मीच धरून उभा होतो."

विहीणबाईंचा हात ड्रॉवरमध्येच राहिला.

"कधी?" फिटरबाईंनी विचारलं.

"तुम्ही येत नव्हतात, त्या आठवड्यात."

विहीणबाईंनी स्क्रू ड्रायव्हर पुढे केला. जावयांनी तो घेतला आणि दोन-दोन पायऱ्या एकदम टाकत ते वर गेले.

फिटरबाईंनी साच्याच्या उजव्या बाजूवर नख घासलं. व्हार्निशखाली जोड लागला, केसाएवढा. मग त्या कोपऱ्यातल्या ढिगाऱ्याकडे वळल्या. पहिला पत्रा बरोबर होता. दुसराही. बरोबर असलेले पत्रे त्यांनी आपल्या हाताने ठोकून ठोकून चुकीचे केले होते.

"एक वाक्य," त्या म्हणाल्या. आवाज चढत गेला. "एक वाक्य बोलायचं होतं, विहीणबाई! 'उजवीकडे पट्टी लावलीय.' तीन शब्द!"

"तुम्हीच म्हणालात, काही सांगू नका."

"ते तुमच्या मुलाबद्दल! पाईपाबद्दल नव्हे!"

"मी गणिताची बाई आहे. काही म्हणजे काही."

"आणि मी पत्र्यामागून पत्रे फाडत होते तेव्हा? डोळे मिटले होते?"

विहीणबाई एकदम रडकुंडीला आल्या. "मला काय माहीत तुम्ही कुठला पुठ्ठा कुठे लावताय! मला वाटलं, राग काढताय. माझ्या मुलावरचा. म्हटलं काढू देत, पत्र्यावर तर काढताहेत, त्याच्यावर नाही ना."

"पत्र्यावर राग काढायचा नाही, हे मी आयुष्यभर पोरांना शिकवलं! आणि तुम्ही मलाच..." फिटरबाईंनी फर्मा साच्यावर आपटला. "तुमच्या मुलाने माझी मुलगी घालवली, त्याचं मी एक अक्षर काढलं नाही."

"तेच म्हणते मी, का नाही काढलं? तुमची मुलगी निरोपसुद्धा न घेता गेली. मला! मी तिला डब्यात लोणचं हवं का विचारायला हाक मारली, तर खोली रिकामी!"

"निरोप घ्यायला आली असती तर तुम्ही जाऊ दिलं असतंत?"

"नसतं!"

"मग?"

फिटरबाईंनी हातमोजे काढून साच्यावर फेकले आणि त्या घरी निघाल्या.

घरी मुलगी कपड्यांच्या घड्या घालत होती. फिटरबाईंनी लपवलं नाही. "आज तो खाली आला होता," म्हणाल्या.

मुलीचे हात थांबले. "काय म्हणाला?"

"पट्टी लावलीय म्हणाला." आणि त्यांनी सगळं सांगितलं, फर्मा, फट, फाटलेले पत्रे.

मुलगी ऐकत राहिली. मग हसली, पण ते हसू काही नीट नव्हतं. "आई, तो माझ्याशीही असाच बोलायचा. नोकरी सोडली, महिन्याने सांगितलं. दुसऱ्या गावी जायचं ठरवलं, तिकिटं काढल्यावर सांगितलं. विचारलं तर म्हणायचा, तू विचारलंच नाहीस. मी तरी काय काय विचारणार होते?"

इतके दिवस भांडायला धरायला जे हाती लागत नव्हतं, ते हेच होतं. त्याचं करायचं काय, ते मात्र फिटरबाईंना कळेना. त्यांनी तिच्या शेजारी बसून एक चादर ओढली आणि घडी घातली. घडी वाकडी आली.

"तू उद्या जाणार आहेस?" मुलीने विचारलं.

"जाणार. चिडशील?"

"चिडेन," मुलगी म्हणाली. "पण जा."

दुसऱ्या दिवशी गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. विहीणबाईंनी कोपऱ्यातला फाटका ढीग उचलून टाकला होता आणि कालचा पत्रा साच्यावर नीट बसवून ठेवला होता. फिटरबाईंनी फर्म्याचा पुठ्ठा चार तुकडे करून कचऱ्यात टाकला. पत्र्याच्या कडेच्या सुरकुत्या जिरवायच्या बाकी होत्या. एकटीचं काम नव्हतं ते.

"धरा इथे," त्या म्हणाल्या.

विहीणबाईंनी धरलं. आणि बोलायला सुरुवात केली. "मी आता डावा हात जरा खाली घेतेय. उजवा आहे तिथेच आहे. अंगठा काढू? काढते. काल तुम्ही गेल्यावर मी त्याला खूप बोलले. तो म्हणाला, वकिलाकडे घटस्फोटाचे कागद दिलेत. ते मला परवापासून माहीत होतं, असं नाही, कालच कळलं, लगेच सांगतेय. आता डावा हात—"

"विहीणबाई."

"काय?"

"हाताचं नका सांगू. तो मला दिसतोय."

"बरं." त्यांनी पकड आवळली. "कागदांचं तुमच्या मुलीला माहीत आहे का?"

"नाही."

"मग तुम्ही सांगाल, की मी सांगू?"

फिटरबाईंनी सुरकुतीवर हातोडा टेकवून अंदाज घेतला. मारला नाही.

"मी सांगेन. आजच," त्या म्हणाल्या. "धरलंय ना नीट? हलवू नका."

संध्याकाळपर्यंत उजवी बाजू पुरी झाली. दोन्ही अर्धे साच्यावर शेजारी शेजारी ठेवले तर नाक वाकडं दिसत होतं. कोणी एका गालात गोळी धरून ठेवावी तसं. पाईपाला जागा मिळाली होती, माप बरोबर होतं, तरी फिटरबाईंना ते बघवेना. दोन्ही बाजू सारख्या नसलेलं काम त्यांनी जन्मात कधी पास केलं नव्हतं.

"चांगलं दिसतंय," विहीणबाई म्हणाल्या.

"वाईट दिसतंय," फिटरबाई म्हणाल्या, आणि दोन अर्ध्यांच्या मधली रेघ बोटाने चाचपू लागल्या. खालच्या टोकाला सांधा किंचित उघडा राहत होता. तिथे अजून ठोकायला हवं होतं. त्यांनी पुन्हा हातमोजे चढवले.