राखेचा पहारा

मी एक जुनं, धापा टाकणारं ऑक्सिजनचं यंत्र आहे. मित्रांनो, मी ऑक्सिजन निर्माण करत नाही. खोलीतली हवा ओढायची, तिच्यातला नायट्रोजन अडवायचा आणि ऑक्सिजन नळीतून माणसाच्या नाकाशी पोचवायचा, एवढंच माझं काम. माझ्या पाठीवर स्पंजाची एक जाळी आहे. ते माझं नाक.

साथीच्या वर्षी मी एका दवाखान्यात अखंड राबलो. लोक मला हात जोडत. साथ सरली आणि मी जिन्याखाली खराट्याशेजारी जाऊन पडलो. तिथून विकासने मला केनवडला आणलं, वडिलांसाठी. उकंडरावांची फुप्फुसं आक्रसली होती. माझ्यावाचून ते पायरीही उतरू शकत नसत.

एक दिवस विकास रिसोडहून आला आणि चपला काढता काढता म्हणाला, “बाबा, आता कायदाच आहे म्हनते. आशा नसली की मशीन बंद करता येते.”

उकंडराव माझ्या बटणाकडे बघत राहिले.

विकासने अर्धवट वाचलं होतं. बोलत्याचालत्या माणसाचं यंत्र बंद करायची मुभा त्यात कुठेही नव्हती. उकंडरावांनी वकिलाकडून कागदच मागवला. बरं होण्याची आशा संपली आणि आपल्याला सांगता येत नसेल, तर नुसतं मरण लांबवणारे उपचार नकोत, असं शुद्धीत असताना लिहून ठेवायचं. दोन साक्षीदार हवेत. पुढे डॉक्टरांनीही पारखून घ्यायचं. आणि आपल्या वतीने बोलणाऱ्या नातेवाइकाचं नाव लिहायचं. सगळं भरून झालं, नावाची ओळ तेवढी कोरी राहिली.

“कोनाचं लिवू? अथी सगळेच बटनाकडं पाहून राह्यले.”

पूर्वी खळ्यात ज्वारीची रास पडली की ते तिच्यावर राखेचे छाप मारत. कोणी ओंजळभर दाणे उचलले तरी छाप मोडायचा. आता रोज संध्याकाळी ते चुलीतली राख माझ्या बटणावर, पाठीवर आणि भोवती भुरभुरू लागले.

खरं सांगतो, संशय मलाही होता. तो त्यांच्या सुनेचा, ज्योत्स्नाचा. सासऱ्यांचा डोळा लागला की ती यायची, त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायची आणि वहीत आकडा लिहायची. त्र्याण्णव. एक्क्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. आकडे उतरत होते आणि ती ते शांतपणे मांडत होती. माझीही धाप वाढली होती. मी दोष वयाला दिला.

एका सकाळी राख पुसलेली दिसली.

“कोनं हात लावला?” उकंडराव कडाडले. त्यामागोमाग खोकला.

“म्या लावला, मामाजी.” ज्योत्स्ना दारात उभी होती. हातात पाण्याचं तसराळं. “काल राती तुमचा डोळा लागल्यावर तुमाले ऑक्सिजनचं सिलेंडर लावून याची जाळी काढली, धुतली अन् वाळवून बसवली. हे पाहा.”

पाणी राखाडी झालं होतं.

“तुमची राख याच्या नाकात गेली. म्हनून आकडा उतरून राह्यला होता. तीन हप्ते मी इचार करून राह्यली का बिघडलं काय. तुमालेच इचारलं असतं त बरं झालं असतं.”

“मंग काहून नाई इचारलं?”

“तुमी माह्याकडं चोरासारखं पाहे. कसं इचारू?”

तिने बोटाला ऑक्सिमीटर लावला. त्र्याण्णव. उकंडरावांनी आकडा पाहिला. आपली राखेची वाटी खाटेखाली सारली आणि चष्मा मागितला. कोऱ्या ओळीत त्यांनी नाव लिहिलं: ज्योत्स्ना.

“पन घाई करजो नोको.”

“घाई तुमालेच होती, मामाजी. राख टाकाची.”

ते हसले. खोकला आला, तरी हसले.

मित्रांनो, संशय घेऊ नका असं मी म्हणणार नाही. मरणाच्या कागदावर तो घ्यावाच. डॉक्टर, साक्षीदार त्यासाठीच असतात. पण घरातल्या माणसाला आधी तोंडाने विचारा, बोलता येतंय तोवर. आणि माझ्यासारखं यंत्र घरी असेल, तर आठवड्यातून एकदा त्याची जाळी धुवा. आमच्याकडे आता दर शनिवारी धुतात. वाळली की नाही, ते उकंडराव स्वतः बोट लावून बघतात. तेवढा संशय अजून आहे.