उडीचा दगड

केशरी रंग लांबून दिसतो, म्हणून लावला. एवढंच. यापलीकडे माझ्या डोक्यात काही नव्हतं, हे मी आता कुणाकुणाला सांगत फिरू?

मखमलाबादच्या पुढच्या टेकडीवर, झाडीतून, मी आणि माझा मित्र कुंदन यांनी सायकलींसाठी वाट काढली. जेमतेम एका सायकलपुरती. रविवारच्या झोपा सोडून टिकाव मारले, घाणेरीचे काटे हातात भरून घेतले, वनखात्याच्या परवानगीसाठी खेटे घातले. वाटेच्या शेवटी, वळणाला लागूनच, एक मोठा दगड आहे. वेगात यायचं, दगडावर चढायचं आणि पलीकडे उडी घ्यायची. वाटेचा सगळा जीव त्या दगडात! रविवारी आमची पहिली स्पर्धा. पुण्याच्या पोरांनी फोनवर स्पष्ट सांगितलेलं, "उडी असेल तरच येतो." नवख्याला वळणावर दगड चटकन दिसावा, म्हणून घरच्या गेटचा उरलेला ऑइल पेंट मी त्याला फासला.

पुढच्या खेपेला गेलो, तर दगडापुढे फोडलेला नारळ. वर झेंडूचा हार. उदबत्त्यांची राख.

"कोणी केलं हे?" मी ओरडलोच.

टेकडीखाली नवसाबाईंचा झेंडूचा मळा आहे. त्या पाटी घेऊन तिथेच उभ्या होत्या. "हळू बोला, भाऊ. देवापुढं आरडू नाय."

"कसला देव? मावशी, हा दगड मी रंगवलाय. ऑइल पेंट आहे तो. वास घेऊन बघा!"

"मंग? देव काय सोताच्या हातानं शेंदूर लावून घेतो व्हय? कुनाच्या तरी हातानंच घेतो ना लावून."



"बरं, देव कोणता?" मी दात ओठ खात विचारलं.

"त्ये अजून ठरलं नाय. आमचे मालक म्हनत्यात म्हसोबा. बगू, दिसंल हळूहळू."

मी थिनर आणून रंग पुसतो म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की कुंदनने माझी बाही ओढून मला बाजूला नेलं.

"डोकं फिरवून घेऊ नकोस," तो म्हणाला. "तू त्यांच्यादेखत एकदा दगडावरून सायकल ने. काही होत नाही हे दिसलं, की प्रकरण आपोआप थंड होईल."

पटलं. शनिवारी सकाळी नवसाबाई ताजा हार घेऊन आल्या, तेव्हा मी वर तयारच होतो. राग असा डोक्यात गेलेला, की मी त्या उताराला एरवीपेक्षा जोरात पॅडल मारले. आज हा तमाशा कायमचा संपवायचा! वळण घेतलं. दगड समोर आला.

आणि पुढचा ब्रेक करकचून दाबला गेला. सायकल मागून उचलली गेली आणि मी हँडलवरून थेट दगडापुढे आडवा. दोन्ही हात पुढे, तोंड झेंडूत.

"अगं बाई! पाया पडायचं व्हतं तर सायकल आदी बाजूला ठिवायची, भाऊ!" नवसाबाई धावत आल्या. मला उठवलं, गुडघे चाचपले, कोपरं उलटसुलट करून पाहिली. कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. निदान थोडं रक्त तरी यायचं!

"एवढा आपटला, पन लागू दिलं नाय." त्यांनी दगडाला हात जोडले. "लय जागृत हाय."

दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या मळ्यांत पोचणार, उद्या इथे रांग लागणार, हे मला दिसत होतं. रडू येईल इतका संताप झाला. तिथेच मातीत बसून मी पुण्याला फोन केला आणि उडी नसल्याचं सांगितलं. मग कोणी येणार नव्हतंच.

"ब्रेक का मारलास?" कुंदन सायकल उभी करत म्हणाला. "सरळ जात होतास की."

"चाकाखाली खडा आला," मी म्हणालो.

खडा नव्हता. समोर केशरी दिसलं आणि बोटं आपसूक ब्रेकवर गेली. तो रंग मीच लावलाय, हे तेव्हा मला आठवलंच नाही.